जित्तं लाकूड

“साहेब, तेवढं हलवू नका,” म्हातारा म्हणाला.

मी हलवलं. नुसतं हलवलं नाही, दोन्ही हातांत धरून, हिसका देऊन सरळ उपटून काढलं. दंडाएवढं जाड, साडेसात फूट लांब लाकूड. वरच्या टोकाला शेणाचं टोपडं, खालच्या टोकाला ओली माती. मूळ नावालाही नव्हतं.

“हे झाड?” मी विचारलं.

“व्हय जी. झाडच हाय ते.”

“मुजावर, हे सरपण आहे. तुमच्याच वखारीतलं.”

“वखारीतलंच हाय,” तो शांतपणे म्हणाला. “पर जित्तं हाय.”

एप्रिलचा पहिला आठवडा होता आणि दुपारचे बारा वाजले होते. इलाही मुजावरच्या लाकडाच्या वखारीपुढे, रस्त्याच्या कडेने चाळीस फूट लांब अशी ही लाकडं उभी केलेली होती. एकाला एक चिकटून, दात लावावेत तशी. मी मोजली, एकशे छप्पन्न भरली. एकाही लाकडावर हिरवा ठिपका नव्हता.

हातवडे नगरपालिकेत उद्यान निरीक्षक होऊन मला तेव्हा आठ महिने झाले होते. वय सव्वीस, शेतकीची पदवी, आणि स्वभाव असा की नियमपुस्तकातला स्वल्पविरामसुद्धा मला साक्षीदार वाटायचा. गावात मला ‘उपटेसाहेब’ म्हणत. त्याला कारण होतं. इमारत बांधली की आवारात अमुक इतकी झाडं लावलीच पाहिजेत असा नियम, आणि बिल्डर लोक तपासणीच्या दिवशी कुठून तरी हिरव्या फांद्या तोडून आणून खड्ड्यात रोवायचे. आठवड्यात त्या वाळायच्या, पण दाखला तोवर हातात पडलेला असायचा. माझ्या आधीच्या निरीक्षकांनी असे कितीतरी ‘बगीचे’ पास केले होते. मी उपाय काढला. झाड दिसलं की ओढून बघायचं. सहज हातात आलं तर फसवणूक. ऑफिसात माझ्यावर विनोद होता, घाणेकरांना जेवायला बोलावू नका, ताटातली कोथिंबीरसुद्धा ओढून बघतील. मला त्या विनोदाचा आतून अभिमान होता.

आता या मुजावरला एक मार्चला नोटीस गेली होती. निवासी विभागाला लागून असलेल्या साठवणुकीच्या व्यवसायाने रस्त्याकडेला ‘किमान सहा फूट उंचीचा, आरपार न दिसणारा, जिवंत वनस्पतींचा पडदा’ राखावा. मुदत एकतीस मेपर्यंत. पूर्तता नाही, तर वखारीला सील. वखारीच्या मागच्या दोन खोल्यांतच तो राहायचा. मुलगा ट्रकवर, घरी म्हातारा आणि सून. सील लागलं की धंदाही गेला आणि छप्परही गेलं.

“रोपं का नाही लावली?” मी विचारलं.

“रोपवाटिकेत गेल्तो की. सा फुटाचं झाड द्या म्हटलं, तर म्हनाले पावसाळ्यात या. आनि बारकं रोप तीन म्हयन्यांत सा फूट कसं वाढायचं? मग म्हटलं, वाढलेलंच लावू.”

“वाढलेलंच!”

“तुमी रस्ता रुंद केला न्हवं फेब्रुवारीत? तवा तोडलेली ती झाडं, वड, पांगारं, मोई. लिलावात मीच घेतलं. दोन ट्रक माल. त्यातलं जित्तं तेवढं निवडलं.”

“कसं निवडलं?”

“इचारलं.”

“लाकडाला?”

“व्हय,” तो म्हणाला. त्यात थट्टा नव्हती, म्हणूनच मला ती थट्टा वाटली.

मी उपटलेलं लाकूड रस्त्यावर टाकलं. त्याने ते उचललं, धोतराच्या सोग्याने खालचं टोक पुसलं, बुडखा कुठला आणि शेंडा कुठला हे बोटाने चाचपलं आणि पुन्हा त्याच खड्ड्यात उभं केलं. पायाने माती दाबताना म्हणाला, “एकदा सुटलं की सहसा धरत न्हाई. बघू.”

मी अहवालात लिहिलं, ‘जळाऊ लाकडे रोवून नियमाची थट्टा केली आहे.’ वाक्य मला फार आवडलं. दोनदा वाचून मगच फाइल बंद केली.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. रांगेत चार बोटांची एक फट पडली होती. मी उपटलेलं लाकूड वाळलं होतं, म्हाताऱ्याने ते स्वतःच काढून सरपणाच्या ढिगावर टाकलं होतं. त्याची सून शमीम वजनकाट्यापाशी बसली होती.

“दुसरं का नाही उभं केलं?” मी तिला विचारलं.

“जित्तं संपलं. मी म्हटलं वाळकं तर वाळकं, फट तरी बुजंल. तर अब्बा म्हनतात, मेलेलं जित्त्यात उभं करायचं न्हाई.”

“तुमच्या अब्बांना कळतं तरी कसं, कोण जिवंत आणि कोण मेलेलं?”

म्हातारा पत्र्याच्या डब्याने एकेका लाकडाच्या बुडाशी पाणी घालत येत होता. सार्वजनिक नळावरून दिवसाला चाळीस डबे, हे मला नंतर कळलं. त्याने डबा खाली ठेवला.

“कान लावा,” तो म्हणाला.

“कशाला?”

“लावा तर खरं. सावलीच्या अंगानं.”

रस्त्यावर कोणी नव्हतं म्हणून मी वाकलो आणि एका वडाच्या लाकडाला कान लावला. आवाज कसलाच आला नाही. पण कान गार लागला. चाळीस अंश उन्हात, दोन महिन्यांपूर्वी तोडलेलं ते लाकूड माठाच्या पाठीसारखं गार होतं.

“आता ह्येला लावा.” त्याने त्याच सावलीत उभं असलेलं एक वाळकं लाकूड पुढे केलं. ते कोमट होतं.

“सत्तावन्न वर्सं लाकूड फोडतोय, साहेब. ओलं लाकूड म्हंजी आमच्या धंद्यातली खोड. जळत न्हाई, धूर करतं, गिऱ्हाईक शिव्या घालतं. म्हनून ओलं वळखायला शिकलो. पर ओल्यात बी दोन जाती. एक नुसतं ओलं, ते आठ दिसांत कोमट पडतं. दुसरं गारच ऱ्हातं. त्येला कुनी सांगितलेलंच नसतं की तुला तोडलंय.”

यामागचं शास्त्र मला पाठ होतं. सालीखालच्या थराविषयी मी परीक्षेत दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. तरीही मी पुन्हा त्या गार लाकडावर तळहात ठेवला. मी त्या रांगेकडे पाहिलं. एकशे पंचावन्न तोडलेल्या फांद्या उन्हात उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या आत काहीतरी जागं होतं. इतकी वर्षं मी झाडांचा अभ्यास केला, पण झाडापुढे छोटं व्हावं असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही. एका निरक्षर म्हाताऱ्याने मला भर रस्त्यात लाकडाला कान लावायला लावलं, उद्या गावभर होईल, असं मनात आलं. मी सरळ उभा राहिलो आणि हाताशी आलेलं लाकूड ओढलं.

ते लगेच आलं नाही. दुसऱ्या हिसक्याला आलं. खालच्या टोकाला सालीतून पांढरे दाणे वर आले होते, तांदळाच्या कण्या चिकटाव्यात तसे.

“मूळ नाही,” मी म्हणालो. “बुरशी आहे.”

म्हाताऱ्याने ते लाकूड माझ्या हातातून घेतलं. कण्यांवरून बोट फिरवलं. या वेळी त्याने ते परत रोवलं नाही.

शमीम मात्र उठून आली. “साहेब, रागावू नका, पन तुमचं कसं झालंय सांगू? भात शिजतोय का बघायला दर घडीला झाकन काढायचं, आनि मग म्हनायचं, ही बाई भात कच्चा ठेवती.”

“नियमाप्रमाणे तपासणी करावीच लागते,” मी म्हणालो आणि सायकलवर टांग मारली. ते दाणे म्हणजे बुरशी नव्हे, हे मला कोपऱ्यावर पोचेपर्यंत कळलं होतं. मी मागे वळलो नाही.

मे महिन्याच्या मध्यावर नाडगौडा ऑफिसात आले. वखारीसमोरच्या ‘सुखनिवास’ सोसायटीचे ते चेअरमन, मूळ तक्रार त्यांचीच. बँकेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ.

“त्या काठ्यांना पालवी फुटलीय म्हणे. लोक बघायला येतात,” ते म्हणाले. “हे खरं मानायचं का आम्ही?”

“पालवी हा पुरावा नाही,” मी म्हणालो. “तोडलेल्या फांदीलाही साठलेल्या रसावर पालवी येते. आठ-पंधरा दिवसांत गळते.”

“मग बघा काय ते. नियम म्हणजे नियम.” ते उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. “मी काही वाईट माणूस नाही हो, घाणेकर. आमच्या गॅलरीतून समोर ती वखार दिसते. स्मशानात जाणारी गाडी रोज सकाळी तिथेच भरतात. दिवाळीत आमची ही गेली, तिचीही तिथेच भरली होती. मी चहा घेऊन बसतो आणि समोर तेच लाकूड. निदान दिसू तरी नये.”

दुसऱ्या दिवशी वखारीवर गेलो. पांगाऱ्याच्या लाकडांवर खरोखरच कोंब होते, बोटभर. वडाच्या गाठींतून लाल टोकं बाहेर आली होती. ‘पालवी हा पुरावा नाही,’ हे मीच म्हटलं होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. पुरावा खाली होता.

म्हातारा दिसत नव्हता. मी एक पांगारा धरला. हिसका दिला, हलला नाही. तेव्हाच थांबायचं होतं. पण हातांना सवय लागली होती, आणि खरं सांगतो, मला बघायचंही होतं. मी पाय रोवून, सगळं अंग मागे टाकून ओढलं.

कापड फाटावं तसा आवाज जमिनीतून आला.

लाकूड वर आलं. खालच्या टोकाभोवती वीतवीतभर मुळं होती, पांढरी, ओली. त्यांची टोकं तुटलेली होती. तुटल्या जागी पाण्याचे थेंब जमत होते. अर्धी मुळं खड्ड्यातच राहिली होती. मी गुडघ्यावर बसलो. पालिकेने करवतीने तोडलं, ट्रकात फेकलं, लिलावात विकलं, वखारीत आपटलं, आणि या लाकडाने अंधारात गुपचूप हे केलं होतं. कोणाच्या परवानगीने? कोणत्या कलमाखाली? माझी मान आपोआप खाली झुकली. देवळात मला कधी असं झालं नव्हतं.

मान वर केली तेव्हा म्हातारा समोर उभा होता.

“धरलं हुतं न्हवं?” त्याने विचारलं. खरंच त्याला जाणून घ्यायचं होतं. तो स्वतः कधी बघू शकला नव्हता, कारण त्याने एकही जिवंत लाकूड उपटलं नव्हतं.

“धरलं होतं,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. हातातला पांगारा मेला होता, वखार जाण्याची वेळ आली होती, आणि म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. “बघा, म्या म्हटलं न्हवतं?” एवढंच म्हणून तो डबा भरायला गेला.

त्यानंतर मी एकतीस मेपर्यंत त्या रस्त्याला फिरकलो नाही.

एकतीसला सकाळी आठला निघालो. बरोबर गणपत मुकादम, लाख, कापडी पट्टी, आणि ‘सील’ लिहिलेला बोर्ड. मुख्याधिकाऱ्यांचा हुकूम साधा होता, पूर्तता असेल तर दाखला द्या, नसेल तर सील करून या. कोपऱ्यावर वळलो आणि आम्ही दोघेही थांबलो.

चाळीस फूट हिरवं होतं. बुंध्यापासून टोपड्यापर्यंत. वडाची कोवळी पानं तांबूस होती, उन्हात आतून दिवा लावल्यासारखी. पांगाऱ्याची तीन-तीन पानं एकमेकांत शिरली होती, मोईच्या फांद्या शेणाचं टोपडं फोडून वर निघाल्या होत्या. पाऊस अजून पंधरा दिवस लांब होता. गावातलं गवत जळून गेलं होतं, आणि सरपणाची रांग हलत होती, वाऱ्याने आवाज करत होती. मुंग्या वर चढत होत्या. कसल्या तरी एवढ्याशा पाखराने त्यात घर मांडायला घेतलं होतं. गणपतने डोक्यावरची टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तक्त्यात ‘जिवंत’ आणि ‘मृत’ असे दोन रकाने होते. मी एकेका लाकडापुढे उभा राहून खूण केली. एकशे त्रेपन्न वेळा ‘जिवंत’. ‘मृत’चा रकाना कोरा राहिला. कशालाही हात लावला नाही.

तेवढ्यात नाडगौडा रस्ता ओलांडून आले. त्यांनी रांग बघितली आणि वाकून पहिल्या फटीला डोळा लावला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

“आरपार दिसतंय,” ते म्हणाले. “तीन ठिकाणी. गाडी दिसते, रचलेलं लाकूड दिसतं. नियमात काय लिहिलंय, घाणेकर?”

“आरपार न दिसणारा,” मी म्हणालो.

“मग हा पडदा अपुरा आहे.”

तो अपुरा होताच. नियम चोख होता आणि नाडगौडा बरोबर होते.

“इथं का नाही लावलं हो, मुजावर?” त्यांनी विचारलं. “एवढी लावलीत, मग तीनच का राहिली?”

“त्ये साहेबांनीच—” शमीमने तोंड उघडलं.

“गप बस, शमीम,” म्हातारा म्हणाला. मग नाडगौडांकडे बघून, हात जोडून, “न्हाई धरलं जी, त्ये तीन. धरलंच न्हाई.”

गणपतने माझ्याकडे बघितलं. लाख त्याच्या हातात होती. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचं घर, काटा, सत्तावन्न वर्षं, सगळं त्या तीन फटींतून जायला निघालं होतं, आणि तो मला झाकत होता.

“धरलं होतं,” मी म्हणालो. “नाडगौडासाहेब, तिन्ही मी उपटली. एकाला मुळं फुटत होती. एकाला वीतभर होती. माझ्या हाताने तोडली.”

मी सायकलच्या सीटवर तक्ता ठेवला. खाली एक ओळ होती, तिच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. ‘धारकाचा दोष नसताना झाडे नष्ट झाल्यास पुनर्लागवडीस साठ दिवस मुदत. नष्ट होण्याचे कारण : गुरेढोरे / वादळ / आग / अन्य.’ मी ‘अन्य’वर खूण केली आणि पुढे लिहिलं, ‘उद्यान निरीक्षक, अ. वि. घाणेकर.’ खाली सही केली.

“म्हणजे साठ दिवस,” नाडगौडा म्हणाले.

“साठ दिवस. तोवर पाऊसही येईल.”

त्यांनी वडाचं एक पान दोन बोटांत धरलं. “हेसुद्धा जळणाचंच ना?” त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं.

“व्हय जी. जळनाचंच.”

नाडगौडांनी त्या पानावरची धूळ अंगठ्याने पुसली. मग ते हलकेच सोडून, रस्ता ओलांडून गेले. त्यांची तक्रार पुन्हा आली नाही.

मला मात्र आठवड्यात ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. सेवापुस्तकातली ती नोंद एकतीस वर्षं, निवृत्तीपर्यंत, माझ्याबरोबर राहिली. ‘शासकीय अधिकाऱ्याने स्वहस्ते वृक्ष नष्ट केले.’ प्रत्येक नव्या साहेबाने मला ती वाचून दाखवली.

त्या सकाळी मात्र शमीमने तक्ता मागून घेतला. बोटाने ओळ लावत तिने तो वाचला आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. “साहेब, ‘गुरंढोरं’वर खून केली असती तरी चाललं असतं की.”

गणपत तोंड फिरवून खोकला. मीही हसलो. शमीम चहा टाकायला आत गेली. म्हातारा डबा घेऊन रांगेच्या दुसऱ्या टोकाला पाणी घालत होता. मी त्याच्याजवळ गेलो.

“बाबा,” मी म्हणालो. मुजावर म्हणायला जीभ उचलेना. “वखार जाणार होती. तुम्ही खोटं का बोललात? धरलं होतं, तुम्हाला माहीत होतं.”

त्याने डब्यातलं उरलेलं पाणी शेवटच्या लाकडाच्या बुडाशी ओतलं. माती पाणी पिईपर्यंत तो थांबला.

“तुमीबी नवीनच रुजू झालेला न्हवं, साहेब?” तो म्हणाला. “कशाला हलवायचं.”